परदेशी किती

तिकीटखिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं,
"परदेशी किती?"
रुकय्या म्हणाली, "एक."
मग माझ्याकडे बघून, हसू दाबत,
"दीड."

दीडमधली अर्धी मी.
रिसोडहून निघाले तेव्हा दोन एसट्या, एक रात्र,
आणि आंबा घाटात तीनदा पिशवी तोंडाला.
चिसोमो तीन विमानं बदलून आली होती,
तिला काहीच झालं नव्हतं.

राजवाडा लाल.
आत गारवा, लाकडाचा जुना वास,
खिडकीतल्या रंगीत काचेचा हिरवा तुकडा
चिसोमोच्या गालावर, मग माझ्या चपलेवर.
रुकय्या भिंतीला हात लावून बघत होती.
जन्म राजीवड्यातला, आणि आत आज पहिल्यांदा.
"शाळेची सहल?"
"ती पन्हाळ्याला गेली होती."

पहारेकरी म्हणाला, परक्या मुलखातला राजा
इथे उभा राहून बोटी बघायचा म्हणे.
"कुठल्या?" चिसोमोने विचारलं.
"कुठल्याही."
आम्ही तिघी जरा गप्प झालो, होतात तशा,
एवढ्यात रुकय्याने खाडीकडे बोट केलं,
"ती हिरवी आमच्या चाचाची.
दसऱ्यापासून इंजिन बंद आहे."
मग जिना उतरेपर्यंत
आम्ही इंजिनाबद्दलच बोललो.

दुपारी तिच्या घरी
तांदळाची भाकरी, बांगड्याचं लाल सालन.
चिसोमोने हात धुतले, पाट ओढला,
आणि एका अंगठ्याने अख्खा कणा
असा अलगद बाहेर काढला
की रुकय्याची अम्मी वाढता वाढता थांबली.
मी मत्स्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला.
बांगड्याचं शास्त्रीय नाव झोपेत सांगेन.
काटा घशात अडकला.
कोरड्या भाताचा गोळा गिळ, तिघींनी सांगितलं,
तीन भाषांत, एकदम.

अम्मीने विचारलं, "तुझ्या गावाला दर्या आहे?"
"तळं आहे," चिसोमो म्हणाली,
जपून, एकेक मराठी शब्द ताटात ठेवल्यासारखा,
"पलीकडचा काठ दिसत नाही.
लाटा आहेत. वादळ आहे. माणसं बुडतात.
पण पाणी गोड."
अम्मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.
"मग एवढ्या पाण्याचं मीठ
जातं कुठे?"

क्षारता या विषयात मला अठ्ठ्याहत्तर मार्क आहेत.
मी भाताचा दुसरा गोळा घेतला.

भाट्याच्या पुळणीवर सुरूखाली बसलो.
फोन चिसोमोचा, आणि चार टक्के.
एक फोटो काढला. त्यात रुकय्याचे डोळे मिटलेले,
माझं कपाळ कापलेलं,
आणि मागे एक कुत्रा, अगदी मध्यभागी, उत्तम आलेला.
तोच तिने आईला पाठवला.
पोचला की नाही कळायच्या आत फोन गेला.
आता तिकडे कुणीतरी
एका कुत्र्याची चौकशी करत असेल.

वाशिमला आईला मी काय सांगणार होते?
समुद्र मोठा आहे, हे तिला माहीत आहे.
मासा खाल्ला, हे सांगायचं नाही.
काटा कधी उतरला, ते मलाच कळलं नाही.

परतताना नाक्यावर एक स्कूटरवाला थांबला,
मागे बायको, पुढे झोपलेलं पोर,
अंगावर लांबच्या रस्त्याची धूळ.
"मांडवीला कसं जायचं?"
त्याने मला विचारलं.
चिसोमोने उत्तर दिलं,
"सरळ जावा. मशीद लागेल. मग डावीकडे."
तो तिच्याकडे बघतच राहिला,
मग पुन्हा माझ्याकडे वळून,
"बरोबर का हो, ताई?"

मला काय ठाऊक.
मी मान हलवली, ठामपणे,
रुकय्या पदराआड खोकत होती.

स्कूटरचा लाल दिवा सरळ गेला,
मशिदीपाशी जरा अडखळला,
डावीकडे वळला.
हॉस्टेलचं फाटक आठला बंद होतं,
तरी आम्ही तिथेच उभ्या राहिलो,
तो परत येतो का ते बघत.